काळ्या हातांची लाज कोणास?

आमच्या विद्यालयांत दर जून महिन्यांत प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती एका छापील तक्त्यावर भरून घेण्याची वहिवाट आहे. त्यांत 'पालकाचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. वर्गशिक्षक या नात्यानें हे तक्ते तपासण्याचें काम माझ्याकडे असतें. गेल्या जूनमध्यें नववीच्या एका विद्यार्थ्याच्या तक्त्यांत, या रकान्यांत आधीं कांहीं तरी लिहून तें रबरानें पुसलेलें व त्यावर 'खाजगी नोकरी' असें लिहिलेलें मला दिसलें. पेन्सिलीचा दाब कागदावर राहिला होता. कागद उजेडांत तिरपा धरून पाहतां 'मोटार मिस्त्री' हीं अक्षरें स्पष्ट वाचतां आलीं. मीं तक्ता तसाच ठेवून दिला व मुलास कांहीं विचारलें नाहीं. परंतु तीं पुसलेलीं अक्षरें माझ्या मनांतून पुसलीं गेलीं नाहींत, आणि या वार्षिकासाठीं लेख मागण्यांत आला तेव्हां दुसरा विषयच सुचेना.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों, म्हणजे माझें म्हणणें काय आहे तें वाचकांच्या ध्यानांत येईल. दिवाळीच्या सुटींत माझी जुनी, लहान मोटार वळण घेतांना 'कट् कट्' असा आवाज करूं लागली. सरळ रस्त्यावर कांहीं ऐकूं येत नसे; स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी सावकाश वळविली कीं आवाज सुरू होई. खालीं वांकून पाहिलें तों उजव्या पुढच्या चाकाच्या मागें असलेलें रबरी आच्छादन, ज्यास मिस्त्री लोक 'बूट' म्हणतात, तें फाटलें होतें आणि आंतील ग्रीस सभोंवार उडालें होतें. आपल्या वाशीम जिल्ह्यांतील काळ्या मातीची धूळ किती बारीक असते हें येथें राहणारांस सांगावयास नको. ती धूळ त्या फटींतून आंत शिरली, ग्रीसमध्यें कालवली गेली, आणि आंतल्या पोलादी गोळ्या व खांचा तिनें कानशीप्रमाणें घासून काढल्या. थोडक्या किंमतीचें तें रबर वेळेवर बदललें असतें, तर सबंध ड्राइव्ह शाफ्ट बदलण्याची पाळी आली नसती. हा दोष सर्वस्वीं माझा होता.

ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे काय, हें मुलांस एका ओळखीच्या वस्तूवरून सांगतां येईल. सोयाबीन काढण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरला जोडलेलें मळणीयंत्र तुम्हीं सर्वांनीं पाहिलें आहे. ट्रॅक्टरच्या पाठीमागून एक दांडा निघतो व स्वतः गरगर फिरून त्या यंत्रास शक्ति पुरवितो. या दांड्याच्या दोन्ही टोकांस क्रॉसाच्या आकाराचा एक एक सांधा असतो, म्हणून ट्रॅक्टर व यंत्र अगदीं एका रेषेंत नसलीं तरी दांडा फिरूं शकतो. सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून त्यास हूकचा सांधा असें नांव पडलें. या सांध्यांत एक उणीव आहे. तो वांकलेल्या स्थितींत फिरला म्हणजे अलीकडचा दांडा एकसारख्या वेगानें फिरत असला तरी पलीकडचा दांडा प्रत्येक फेऱ्यांत दोनदां अधिक वेगानें व दोनदां कमी वेगानें फिरतो. आणि सांधा जितका अधिक वांकेल तितका हा फरक वाढतो. मळणीयंत्राच्या दांड्यास दोन टोकांस दोन सांधे असतात. दोहोंचे कोन सारखे असले म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. जातां जातां शेतकऱ्यांच्या मुलांस एक गोष्ट बजावून ठेवतों. हा दांडा बहुधा मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास नऊ फेरे घेतो. ओढणी, पदर किंवा सदऱ्याची बाही त्यांत अडकली तर हात मागें घेण्यासही अवधि मिळत नाहीं. त्यावर झांकण नसेल तर त्याच्या जवळ जाऊं नये.

आतां मोटारीकडे वळूं. ॲम्बॅसडरसारख्या जुन्या मोटारींत इंजिनाची शक्ति मागच्या चाकांस जात असे. पुढच्या चाकांनीं फक्त वळावयाचें. १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० ही मोटार निघाली, आणि त्यानंतर पुढच्या चाकांस शक्ति देणाऱ्या लहान मोटारी आपल्या देशांत सर्वत्र दिसूं लागल्या. पुढच्या चाकानें इंजिनाच्या जोरानें फिरावें, रस्त्याप्रमाणें डावीउजवीकडे वळावें आणि खड्डा आला म्हणजे वरखालीं व्हावें, अशीं तीन कामें त्याजकडे एकाच वेळीं आलीं. तेथें साधा हूकचा सांधा लावला तर वळतांना चाक धक्के देऊं लागेल. या अडचणीवर आल्फ्रेड रझेप्पा नांवाच्या अमेरिकेंतील अभियंत्यानें १९२६ सालीं उपाय काढला. एका पोलादी वाटींत दुसरा गोल भाग बसविला, दोहोंस वक्र खांचा पाडल्या, त्या खांचांत सहा गोळ्या ठेवल्या, आणि गोळ्या जागेवर राहाव्या म्हणून भोंवतीं एक पिंजरा केला. सांधा कितीही वांकला तरी त्या गोळ्या दोन दांड्यांमधील कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात, म्हणून दोन्ही दांडे प्रत्येक क्षणीं एकाच वेगानें फिरतात. १९५९ सालीं इंग्लंडांत ॲलेक इसिगोनिस यांनीं मिनि ही प्रसिद्ध लहान मोटार तयार केली, तिच्या पुढच्या चाकांशीं याच जातीचा सांधा होता. आज शाळेच्या फाटकासमोरून जाणाऱ्या बहुतेक लहान मोटारींत तोच आहे. भूमितीच्या तासास 'कोनाचा दुभाजक कशास शिकावयाचा' असें विचारणाऱ्या मुलांनीं हा सांधा एकदां उघडून पाहावा.

हें सर्व मला पुस्तकावरून ठाऊक होतें. म्हणूनच हें काम आपण घरींच करूं असें मनानें घेतलें. मजुरीचे पैसे वांचतील हाही विचार मनांत होता, तो लपवीत नाहीं. बाजारांतून नवा शाफ्ट आणला, माहितीपुस्तकावरून क्रमवार टांचण तयार केलें, आणि सुटींतल्या एका सकाळीं अंगणांतल्या फरशीवर जॅक लावून गाडीची पुढची बाजू उचलली. माझा मुलगा मदतीस होता. शेजारच्या गल्लींत राहणारा तो नववींतला विद्यार्थीही येऊन उभा राहिला. चाक काढून मी पाठीवर पडलों व गाडीखालीं सरकूं लागलों, तोंच त्या मुलानें माझा दंड धरला.

"सर, थांबा. घोड्या लावल्या नाहींत अजून. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीं बाबा कोणालाच जाऊं देत नाहींत."

वर्गांत एरवीं मान वर न करणाऱ्या त्या मुलाच्या आवाजांत त्या वेळीं असा कांहीं ठामपणा होता कीं मी निमूटपणें बाहेर आलों. तो धांवत घरीं गेला व वडिलांस घेऊन आला. त्यांच्या दोन्ही हातांत एक एक लोखंडी घोडी होती. ते येईपर्यंत पाव तास गेला असेल, तेवढ्यांत गाडी बोटभर खालीं आली होती. जॅकच्या आंत तेल असतें व तें एका रबरी कड्यानें अडवून धरलेलें असतें. माझ्या जॅकचें तें कडें झिजलें होतें. मिस्त्रींनीं गाडीकडे पाहिलें, मजकडे पाहिलें, आणि एवढेंच म्हटलें, "जॅक उचलाले असते सर, धराले नसते."

त्यानंतर काम झालें तें त्यांच्या देखरेखीखालीं. ते बाजूस उकिडवे बसले आणि पाना माझ्याच हातीं दिला. "तुम्ही करा, मी पाह्यतो," असें म्हणाले. प्रथम त्यांनीं चाक पुन्हा बसवून गाडी खालीं उतरविण्यास लावली. शाफ्टच्या टोकास चाकाच्या मध्यभागीं जो मोठा नट असतो, तो गाडीचा भार जमिनीवर असतांनाच ढिला करावयाचा असतो; उचललेल्या गाडीवर तेवढा जोर लावला तर गाडी घोडीवरून घसरेल. मागच्या चाकांस दगड लावले, माझ्या मुलास ब्रेकवर पाय ठेवून बसविलें, नटाची दुमडलेली कड छिन्नीनें उलगडली, आणि पान्यास लांब नळी जोडून नट सैल केला. मग मुलास गाडीबाहेर काढून गाडी उचलली, पुस्तकांत दाखविलेल्या भक्कम जागीं घोड्या लावल्या, आणि खालीं जाण्यापूर्वीं गाडी हातानें हलवून पाहिली. गिअरबॉक्समधील तेल घमेल्यांत काढलें. चाकाचा भाग ज्या खालच्या बॉल जॉइंटवर बसतो तो सोडविला. शाफ्टचें बाहेरचें टोक लांकडाचा ठोकळा मध्यें धरून हळूंहळूं ठोकून मोकळें केलें, कारण हातोडी प्रत्यक्ष टोकावर बसली तर आटे बिघडतात. आंतलें टोक गिअरबॉक्समधून निघेना, तेव्हां मीं शाफ्ट मध्यभागीं धरून ओढूं लागलों. मिस्त्रींनीं पुन्हा थांबविलें. तसें ओढल्यास आंतला सांधाच सुटून त्याचे भाग हातांत येतात. लहान पहारीनें सांध्याच्या मुळाशीं बेताचा रेटा द्यावा, आणि शेजारच्या ऑइल सीलला पहार लागूं देऊं नये, असें त्यांनीं दाखवून दिलें.

जुना शाफ्ट बाहेर आल्यावर मी नवा उचलून बसवूं लागलों. मिस्त्रींनीं तो माझ्या हातांतून घेऊन जुन्याशेजारीं फरशीवर ठेवला. नवा लांब होता! गिअरबॉक्स गाडीच्या बरोबर मध्यभागीं नसल्यामुळें डाव्या व उजव्या बाजूंच्या शाफ्टांची लांबी वेगळी असते. दुकानांत मागतांना मीं बाजू सांगितलीच नव्हती. तो बदलून आणण्यांत तासभर गेला. मग लांबी व दांते जुळवून पाहिले, सीलच्या ओंठास तेल लावलें, शाफ्ट सरळ धरून आंत दाबला, आणि आंतली कडी बसल्याचा 'खट्' असा आवाज झाला. हलकेंच ओढून तो बाहेर येत नाहीं याची खात्री केली. पुढें सर्व जोडणी उलट क्रमानें झाली. मोठा नट नवा घातला, गाडी खालीं घेऊन कारखान्यानें ठरवून दिलेल्या जोरानें तो आंवळला, त्याची कड पुन्हा खांचेंत दुमडली आणि गिअरबॉक्समध्यें तेल भरलें. सकाळीं आठ वाजतां सुरू केलेलें काम दुपारीं दोन वाजतां संपलें. मिस्त्रींनीं एकट्यानें केलें असतें तर त्यांस तासाहून फारसा अधिक वेळ लागला नसता.

सबंध वेळ तो मुलगा आमच्याजवळ होता. वडिलांनीं 'सतरा' म्हणण्याच्या आधींच सतरा नंबरचा पाना त्याच्या हातांत तयार असे. नटाकडे नुसतें पाहून तो माप ओळखीत होता. मी पदवीधर आहें, मिशनच्या अध्यापक विद्यालयांत शिकलों आहें, आणि वीस वर्षांहून अधिक काळ मुलांस शिकवीत आलों आहें. त्या सकाळीं मला चार वेळां थांबविण्यांत आलें, आणि चारही वेळां थांबविणाराचेंच बरोबर होतें. त्यांतल्या पहिल्या वेळीं माझा जीव वांचला असें मी समजतों.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. हा मुलगा 'मोटार मिस्त्री' हीं अक्षरें पुसून टाकतो, याचा दोष कोणाचा? मी उत्तर शोधूं लागलों तेव्हां मला माझेंच एक वाक्य आठवलें. घरचा अभ्यास न करणाऱ्या एका विद्यार्थ्यास रागावतांना मीं भर वर्गांत म्हटलें होतें, "असाच राहिलास तर गॅरेजांत पाने पुसशील." वर्ग हंसला. तिसऱ्या बाकावर हा मुलगा बसला होता. हें वाक्य शिक्षक म्हणतात, पालक म्हणतात, पाहुणे म्हणतात. म्हणतांना कोणाच्या मनांत वाईट नसतें. परंतु ज्याचा बाप खरोखरच पाने हातांत धरून आपली फी भरतो, त्यानें तें ऐकून काय समजावें? शिक्षण म्हणजे बापापासून दूर पळण्याची वाट, हाच अर्थ तो घेणार. आणि जी शाळा मुलास बापाच्या हातांची लाज वाटावयास लावते, तिचे निकाल कितीही चांगले लागोत, तिनें त्या घराचें नुकसान केलें असें माझें स्पष्ट मत आहे.

आपल्या समाजांत डोक्याचें काम उंच व हाताचें काम नीच हा भेद जातिभेदाबरोबर वाढला. ज्या हातांनीं चामडें, लोखंड व माती यांस आकार दिला, त्यांस आपण पंक्तीबाहेर बसविलें. मिशनच्या शाळांनीं तरी हा भेद पाळूं नये, कारण आमचा वारसा निराळा आहे. आमचे प्रभु सुतारकाम करीत वाढले. प्रेषित पौल तंबू करून पोट भरी. १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापून काढणारे विल्यम केरी हे तरुणपणीं इंग्लंडांत जोडे शिवीत असत. पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथील मुक्ति मिशनमध्यें निराधार स्त्रियांस अक्षरओळखीबरोबर हातचे उद्योग शिकविले. तेथील छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम त्या स्त्रियाच करीत. अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे मिशनरी स्वतः अभियंता असून विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं विणकरांसाठीं जलद चालणारा हातमाग तयार केला. यांपैकीं कोणासही विद्या व काळे हात यांत विरोध दिसला नाहीं.

मिशनच्या बाहेर पाहूं गेल्यास लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असावें. ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. १८८८ सालीं त्यांनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. सायकली विकल्या, दुरुस्त केल्या. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर बनविला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल या भीतीनें शेतकरी तो घेईनात. त्यांनीं धीर सोडला नाहीं, आणि १९१० सालीं कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. हातांत पाना धरणारा शिक्षक असा कोठवर जाऊं शकतो!

१९३७ सालीं वर्धा येथें, म्हणजे आपल्याच विदर्भांत, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना आंखली. ती योजना बहुतेक ठिकाणीं मागें पडली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना ठेवून त्या काळांत गांवांतील सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकण्याची सूचना केली आहे. सूचना उत्तम आहे. परंतु कारागिरास पाहण्यास नेलेलीं मुलें त्याच्याकडे जत्रेंतला देखावा म्हणून पाहतील, तर त्या दहा दिवसांचा उपयोग होणार नाहीं. पाना मुलाच्या हातांत पडला पाहिजे, चूक त्याच्या हातून झाली पाहिजे, आणि ती त्यानेंच सुधारली पाहिजे. वहींत चुकलेलें उत्तर लाल शाईनें खोडतां येतें. अर्धवट आंवळलेला नट रस्त्यावर स्वतःच बोलूं लागतो. असा निरपेक्ष परीक्षक आमच्या कोणत्याही परीक्षेंत नाहीं.

यावर तीन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप धोक्याचा. तो खरा आहे, आणि माझी हकीकतच त्याची साक्ष आहे. म्हणून माझें म्हणणें असें नव्हे कीं उद्यां सकाळीं प्रत्येकानें आपली मोटार उचलावी. मुलानें गाडीखालीं केव्हांही जाऊं नये. मोठ्यांनीं सुद्धां जाणता मनुष्य जवळ असल्यावांचून, सपाट व टणक जमीन, चाकांस दगड आणि भक्कम घोड्या यांची तजवीज केल्यावांचून जाऊं नये. नव्या गाड्यांत चाकापाशीं वेग मोजणाऱ्या तारा व इतर नाजूक साधनें असतात. जें कळत नाहीं तें गॅरेजांतच न्यावें. आपल्यास काय येत नाहीं हें प्रामाणिकपणें कबूल करणें हा या शिक्षणाचा निम्मा भाग आहे. मोटार नसणाऱ्या घरीं सायकल आहे, शिवणयंत्र आहे, पाण्याचा पंप आहे. सायकलची साखळी काढून, धुऊन, पुन्हा चढविणें हें पांचवींतल्या मुलीसही करतां येईल.

दुसरा आक्षेप असा कीं सर्वांनीं घरींच दुरुस्ती केली तर मिस्त्रींनीं खावें काय? माझा अनुभव उलट आहे. पूर्वीं गॅरेजांत मी मजुरीची घासाघीस करीत असें. एका नटास तासभर घाम गाळल्यावर ती घासाघीस माझ्या तोंडून निघत नाहीं. त्या दिवशीं मिस्त्री मजुरी घेण्यास तयार होईनात. 'तुम्ही पोराचे गुरुजी' असें म्हणाले. मीं आग्रहानें पूर्ण मजुरी दिली, कारण गुरुजींस विद्येचा मोबदला मिळतो, तसा त्यांसही मिळाला पाहिजे. ज्यानें एकदां काम करून पाहिलें, तोच दुसऱ्याच्या कामाची किंमत जाणतो.

तिसरा आक्षेप अभ्यासाच्या वेळेचा. पालकांस दहावीच्या परीक्षेची चिंता असते, ती रास्त आहे. पण वर्षांतून चार रविवार एखादी वस्तु उघडून जोडण्यांत गेले म्हणून कोणी नापास होत नाहीं. त्या सांध्यांत भूमिति होती, जॅकमध्यें पदार्थविज्ञान होतें, आणि बूट फाटण्याकडे केलेल्या दुर्लक्षांत नीतिशास्त्र होतें.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शिक्षकबंधुभगिनींनीं 'गॅरेजांत जाशील', 'दगड फोडशील' हीं वाक्यें वर्गांतून कायमचीं काढून टाकावींत. मीं स्वतःपासून आरंभ केला आहे, आणि त्या वर्गासमोर माझें वाक्य चुकीचें होतें असें सांगितलें आहे. विद्यालयानें दप्तराविना दिवसांत मोटार मिस्त्री, वीजतंत्री, शिवणकाम करणाऱ्या माता व गवंडी अशा आपल्याच पालकांस बोलवावें, त्यांस शिक्षकाची खुर्ची द्यावी, आणि मुलांनीं त्यांस उठून नमस्कार करावा. पालकांनीं आपलें काम मुलांपासून लपवूं नये. हात काळे असतील तर काळ्या हातांनींच शाळेच्या सभेस यावें. हात धुण्यास आमच्याकडे पाणी व साबण दोन्ही आहेत.

येत्या जूनमध्यें ते तक्ते पुन्हा भरले जातील. तो विद्यार्थी आतां दहावींत असेल, आणि तोच रकाना त्याच्यासमोर येईल. त्यानें काय लिहावें हें मी त्यास सांगणार नाहीं, कारण सांगून लिहिलेलें तें खरें नव्हे. त्यानें तीं दोन पदें निःसंकोचपणें लिहावीं अशी हवा या विद्यालयांत व तुमच्या घरांत आहे कीं नाहीं, एवढेंच त्या दिवशीं कळेल. ती परीक्षा त्याची नसून आपल्या सर्वांची आहे.